निमगावच्या मैदानावरचं पाणी

१

शनिवारी सकाळी निमगाव केतकीच्या पोरी बूट हातात घेऊन मैदानावर आल्या आणि बांधावरच थबकल्या. मैदान जाग्यावर नव्हतं, तळं होतं. दोन्हीकडचे गोलपोस्ट पाण्यात उभे होते आणि मधल्या वर्तुळात, जिथं आदल्या दिवशी चुन्याची फक्की मारली होती, तिथं एक बगळा पाय मुडपून निवांत उभा होता.

काळ्या रानाचं मैदान ते. एकदा पाणी प्यालं की पंधरवडाभर तरी त्यावर पाय ठरत नाही. दुपारपर्यंत दोन तालुक्यांत बोंब झाली की कुणीतरी मुद्दाम पाणी सोडलं.

आता ही स्पर्धा काय होती ते सांगायला पाहिजे. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या सहा गावांनी मिळून सतरा वर्षांखालच्या मुलींची फुटबॉलची साखळी उभी केली होती. प्रत्येक गावानं प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा पहिल्या फेरीत आणि एकदा दुसऱ्या. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक, हरलं की भोपळा. वर राहील त्या एका गावानं पुण्याला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं, आणि तळाला राहील त्यानं पुढच्या साली घरी बसायचं.

पाणी आलं त्या दिवशी माळेगाव बुद्रुक बावीस गुणांवर होतं. कन्हेरी एकवीसवर, पण तिचे दोन सामने बाकी होते आणि माळेगावचा एकच. शनिवारी कन्हेरी निमगावशी खेळणार होती, रविवारी माळेगावशी. तळाच्या दोन गावांचाही आपसातला एक सामना राहिला होता. हे सगळे निमगावच्याच मैदानावर व्हायचे होते. दुसरीकडं मैदान आखून चार दिवसांनी खेळवावेत तर परीक्षा तोंडावर आलेली, आणि पंच पुन्हा पुण्याहून यायला तयार नव्हते.

मग पहिलं कोण? यावर समितीत दोन तास भांडण झालं. शेवटी एकच गोष्ट एकमतानं ठरली. ते भांडण बुद्धघोष साबळे वकिलांच्या गळ्यात घालायचं.

साबळे वकिलांची उभी हयात बारामतीच्या कोर्टात बांधाची आणि वाटणीची भांडणं लढण्यात गेली होती. फुटबॉल त्यांनी आयुष्यात कधी लाथाडला नव्हता. वडील छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर हट्टानं शिकून शाळामास्तर झालेले, आणि तो हट्ट मुलात जसाच्या तसा उतरलेला. हातात घेतलेलं काम अर्धं सोडायचं नाही.

साखळीच्या सचिव राजेश्वरी मॅडम, शाळेत खेळ शिकवायच्या. त्या वकिलांना मोटारीतून निमगावला घेऊन निघाल्या.

"साहेब, बुधवारी संध्याकाळपर्यंत पुण्याला नाव कळवायचंय. नाही कळवलं तर आपल्याकडून कुणीच जाणार नाही."

"कळवू. पण आधी पाणी कुणी सोडलं ते कळू दे."

"त्याचा निकालाशी काय संबंध?"

"ज्यानं पाणी सोडलं त्याला काहीतरी हवं होतं. काय हवं होतं ते न कळता मी निकाल दिला, तर तो निकाल माझा नसेल, त्याचा असेल."

मॅडम म्हणाल्या, "कन्हेरीची कर्णधार आहे ना, तेजश्री, तिच्यासाठी जीव तुटतो माझा. तिचं हे शेवटचं वर्ष. जूनमध्ये वयात बसत नाही ती. पुण्यात मोठ्या क्रीडा केंद्राची माणसं मुली निवडायला येतात. एकदा त्यांच्या डोळ्यांसमोर ही पोर खेळली पाहिजे, बस."

निमगावला उतरल्यावर वकील पाण्याकडं बघत बसले नाहीत. धोतर सावरावं तशी पॅन्ट वर दुमडून ते मैदानाच्या कडेनं गेलेल्या पाटाच्या चारीच्या बांधावर चढले. पाणी त्या चारीतूनच आलं होतं. फुटलेली जागा शोधत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

चारी कुठंच फुटलेली नव्हती.

२

निमगावचा संघ दीपक सांभाळायचा. मैदानाची देखभालही त्याच्याकडंच. तो मागून धापा टाकत आला.

"वकीलसाहेब, रात्री चारी फुटली आसंल, आसं म्हणत्यात लोकं."

"फुटलेली चारी स्वतःला बुजवून घेते का रे दीपक?"

वकिलांनी बांधावरची एक जागा दाखवली. तिथली माती बाकीच्या बांधापेक्षा ओली होती, खोऱ्यानं थापून नीट बसवलेली. वरून गवताचा गड्डा लावलेला, म्हणजे पाण्यानं परत खचू नये.

"बांध उकरला, मैदानात पाणी घेतलं आणि मैदान भरल्यावर ते उकरलेलं दार पुन्हा बुजवलं," वकील म्हणाले. "पलीकडं काय आहे?"

"डाळिंबाची बाग."

"बागेत थेंब गेला नाही. खोडसाळपणा करणारा दार उघडून पळून जाईल. हा माणूस थांबला. दुसऱ्याच्या बागेचं नुकसान होऊ नये एवढी काळजी त्यानं घेतली." त्यांनी खालच्या अंगाला पसरलेल्या उसाकडं बोट केलं. "हा कुणाचा?"

"साहेबराव आबांचा. शुक्रवारी रातीची पान्याची पाळी त्यांचीच हुती. पाण्याच्या बाबतीत लई कडक मानूस. मागं जरा पाणी कमी आलं तर जेवनाचं ताट घेऊन पानी वाटनाऱ्या पाटकऱ्याच्या दारात जाऊन बसलं हुतं."

"आबा तुमच्या संघाचे का?"

दीपक हसला. "आबा गावाचं. पर लेक दिलीया कन्हेरीला. नात त्यांची ती तेजश्री, कर्णधार. मॅचला आलं की कुनाला टाळ्या वाजवाव्या ह्येच कळत न्हाय त्यांस्नी. मंग दोन्ही गोलांना वाजवत्यात."

वकिलांनाही हसू आलं. मग त्यांनी विचारलं, "दीपक, तुझ्या मतानं निकाल कसा लावावा?"

"सरळ हाय. दुसरी फेरी अर्धवट ऱ्हायली, ती सोडून द्या. पहिल्या फेरीत समदे समद्यांसंगं खेळल्यात. तीच धरा. न्याय म्हंजी न्याय."

"पहिल्या फेरीअखेर वर कोण होतं?"

दीपक आपल्या बुटांकडं बघायला लागला. "आमीच हुतो."

राजेश्वरी मॅडमनी तोंड फिरवून हसू लपवलं. वकील मात्र खाली वाकले होते. बांधाच्या कडेला जाडजूड टायरांची खूण उमटली होती आणि चिखलात उसाचं पाचट रुतलं होतं.

"ट्रॅक्टर कुणाचा आला होता इथं?"

"त्येच सांगनार हुतो," दीपक हळू आवाजात म्हणाला. "शुक्रवारी सांजच्याला माळेगावचं हिंदुराव आलं हुतं. एकलंच. बांधावर हुबं ऱ्हाऊन लई वेळ मैदान बघत हुतं."

३

हिंदुराव ऊसवाहतुकीचे ठेकेदार आणि माळेगावच्या संघाचे कारभारी. कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, तिथं ते एका ट्रॉलीच्या सावलीला कपातून बशीत चहा ओतत बसले होते.

"या वकीलसाहेब! मला बेड्या घालाय आला काय?"

"बेड्या माझ्याकडं नसतात. शुक्रवारी निमगावला कशाला गेला होता?"

"मैदान बघाय. दुपारच्या मॅचला ऊन कुन्या गोलकीपरच्या डोळ्यात जातंय, त्ये पोरींना सांगाय नगं? तुमी काय, मला पानी सोडताना बघितलं का कुनी?"

"नाही."

"आन् बघनार बी न्हाय. रातभर मी ह्या रांगत. इचारा ह्या समद्या ड्रायव्हरांना." आजूबाजूचे चार जण लगेच माना डोलवायला लागले. एकजण म्हणाला, "मालक रातभर घोरत हुतं, आमाला झोप न्हाय." हिंदुरावांनी त्याला बशी फेकून मारायचा आव आणला.

"मग निकाल कसा लावू, सांगा," वकील म्हणाले.

"त्यात इचारायचं काय? पाटीवर गुण किती? आमचं बावीस, त्यांचं एकवीस. बावीस मोठं का एकवीस? शाळंतल्या पोराला बी कळतंय."

"त्यांचा एक सामना कमी झालाय."

"मंग त्यो त्यांनी आदीच खेळायचा हुता!"

वकिलांनी वाद घातला नाही. हातात आलेला चहाचा कप खाली ठेवून, जसं काही सहज आठवलं, अशा आवाजात म्हणाले, "हिंदुराव, तळाच्या दोन गावांचाही एक सामना राहिलाय. त्यांतलं एक पुढच्या वर्षी बाहेर जाणार. त्यांचं काय करू? तुमचं काही देणंघेणं नाही त्यात, म्हणून विचारतो."

"त्येंचं?" हिंदुरावांनी मिशीवरून हात फिरवला. जरा विचार केला, आणि या वेळी आवाज वेगळाच आला, शांत. "आता हे बघा. ऱ्हायलेली मॅच सोडून देनं बरं न्हवं, आन् कुनाला फुकट गुण देनं बी बरं न्हवं. त्या दोघी पहिल्या फेरीत खेळल्यात न्हवं एकमेकींसंगं? तवा जी जिंकली, तिलाच ह्या मॅचचं गुण द्यायचं. दोघींनी एकमेकींचं पानी जोखल्यालं हाय. त्येच्यापरास खरं माप कुठनं आननार?"

"बरं सांगितलंत," वकील म्हणाले आणि उठले.

मोटारीत मॅडम म्हणाल्या, "ते नाहीत, असं वाटतं ना तुम्हाला?"

"संघ धडधाकट, आघाडीवर. हा माणूस मैदान बुडवेल कशाला, तो सूर्य मोजत होता. चला कन्हेरीला. सगळ्यांत जास्त फायदा कुणाचा झाला, ते अजून बघायचंय."

४

कन्हेरीचा प्रशिक्षक राजवर्धन तरुण होता. तो कागदपेन न घेता तोंडी हिशेब करायचा.

"सर, दर सामन्याला सरासरी किती गुण, ते बघा. आमी आठ खेळलो, ते नऊ. सरासरीनं आमी वर जातो. कमी खेळलो हा काय आमचा गुन्हा हाय का?"

"नाही. पण दुसऱ्या फेरीत तुम्ही फक्त खालच्या तीन गावांशी खेळलात. राहिलेले दोन सामने निमगाव आणि माळेगावशी होते. ताटातलं मऊ मऊ खाऊन झालं आणि कडक भाकरी राहिली. पोट भरलं असं आत्ताच कसं म्हणायचं?"

राजवर्धनचा चेहरा पडला. म्हणजे सरासरीतली ही फट त्यालाही ठाऊक होती.

तेव्हा वकिलांनी मनाशी मांडणी केली. गुण बघितले तर माळेगाव पहिलं, सरासरी बघितली तर कन्हेरी, पहिली फेरी बघितली तर निमगाव. तीन माणसं, तीन न्याय, आणि प्रत्येकाचा न्याय त्याच्याच अंगणात. कुणाचा फायदा, या एका प्रश्नानं चोर सापडणार नव्हता, कारण फायदा तिघांचाही होता.

शाळेच्या वर्गात संघाच्या मुली बसल्या होत्या. सगळ्या जमिनीवर मांडी घालून. एक उंच मुलगी तेवढी भिंतीला पाठ लावून उभी होती.

"तेजश्री तूच ना? बस की."

"बरी हाय सर मी हितंच."

तिच्या शेजारी बसलेली रेश्मा, संघाची बचावपटू, तिच्याकडं बघून काहीतरी बोलणार होती. तेजश्रीनं नुसते डोळे वटारले आणि रेश्मा गप्प झाली.

वकिलांनी तळाच्या दोन गावांचा प्रश्न मुलींनाही विचारला. एकमेकींत कुजबुजून मुलींनी हिंदुरावांसारखंच उत्तर दिलं: पहिल्या फेरीत जो निकाल लागला तोच धरावा. राजवर्धननंही मान हलवली. निमगाव सोडताना दीपकलाही त्यांनी हेच विचारलं होतं आणि त्याचंही उत्तर वेगळं नव्हतं.

"आणि वरचा निकाल, तेजश्री? कर्णधार म्हणून तुझं म्हणणं काय?"

तेजश्री खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माळेगावला देऊन टाका."

"तेजे!" रेश्मा ओरडली. "येड लागलं का तुला?"

"देऊन टाका म्हनलं ना!" असं म्हणून ती वर्गाबाहेर गेली. बाहेर तीन पायऱ्या होत्या. वकिलांनी खिडकीतून पाहिलं. उतरताना ती प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय टेकवत होती, मग डावा त्याच्याजवळ आणत होती, एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखी.

मॅडम हताश होऊन म्हणाल्या, "वर्षभर ही मुलगी एका गोलसाठी पंचाशी भांडते. आणि आज आख्खी स्पर्धा सोडून देते?"

"तिला काहीतरी ठाऊक आहे," वकील म्हणाले. "परत निमगावला चला."

५

साहेबराव आबांचं घर रानातच होतं. अंगणात आबा उकिडवे बसून बैलाच्या दाव्याला गाठ मारत होते. पाहुणे दिसताच तुरकन् उठले. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण हात टेकायची गरज लागली नाही.

"या या. अगं, चहा टाक!"

आतून त्यांच्या बायकोनं, अक्काबाईंनी ओ दिली. वकिलांनी ओसरीवरून आत नजर टाकली. चुलीवरच्या तव्यात निरगुडीचा पाला गरम होत होता आणि बाजूला फडक्याची घडी तयार होती.

"कुणाला शेक द्यायचाय अक्का?"

"ह्यास्नीच की. गुडघं धरल्यात," अक्काबाई घाईनं म्हणाल्या आणि पाल्यावर ताट झाकलं.

आबांनी दाव्याची मारलेली गाठ उगाचच पुन्हा सोडली.

"आबा, शुक्रवारी पाळी तुमची होती म्हणे. पाणी पुरलं का?"

"पुरलं की. झ्याक पुरलं."

"काही कमी-जास्त?"

"काय न्हाय. पाटकरी चांगला हाय बिचारा."

चहा झाला. वकील म्हणाले, "ऊस चांगला दिसतो. जरा बघू का आतून?" आबांनी "आता काय बघायचंय त्येच्यात" म्हणेपर्यंत वकील सरीत शिरले होते. पहिल्या काही सऱ्या ओल्या होत्या. पुढं माती राखेसारखी कोरडी, भेगाळलेली. उसाची पानं गुंडाळून सुरळी झालेली. अर्ध्याहून जास्त रानाला पाणी पोचलंच नव्हतं.

कोरड्या सरीत उभे राहून वकिलांनी मॅडमना हाक मारली. त्या आल्या. मागून आबाही आले, पण चार पावलं लांब थांबले.

"मॅडम, शनिवारपासून सगळे विचारतायत, मैदानात पाणी कुणी सोडलं," वकील म्हणाले. "मी आता तुम्हाला उलटं विचारतो. पाणी गेलं कुणाचं?"

६

आबा उसाच्या पानावर बोट फिरवत राहिले.

वकील म्हणाले, "त्या रात्री चारीतलं पाणी आबांच्या मालकीचं. ते मैदानात गेलं म्हणजे आबांचं गेलं. दुसरा कुणी चोरून घेऊन गेला असता, तर सकाळी आबांनी गाव डोक्यावर घेतलं असतं. जो माणूस थोड्या पाण्यासाठी पाटकऱ्याच्या दारात ताट घेऊन बसतो, त्याचा निम्मा ऊस कोरडा राहिलाय, आणि तो म्हणतो झ्याक पुरलं! आबा, तुम्ही सगळं नीट केलंत. बांध थापला, गवत लावलं, शेजाऱ्याची बाग राखली. फक्त एक करायला विसरलात. ओरडायला."

"मी कशाला आपल्याच गावचं मैदान बुडवीन?" आबांचा आवाज बारीक झाला.

"तेच मला कळत नव्हतं. मी गुणांत कारण शोधत होतो. पण कारण चुलीवर होतं. तुमचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत, आबा. निरगुडी नातीसाठी आहे. ती मांडी घालत नाही, पायरी नीट उतरत नाही. उजवा गुडघा ना?"

आबा बांधावर बसले.

"डागतर म्हनला, आनकी एक दणका बसला तर ह्यो पाय जन्माचा गेला. पोरगी म्हनली, आबा, कुनाला सांगशीला तर माझं मेलं तोंड बघशीला. आईला न्हाय, सरांना न्हाय. त्या रेश्मीला तेवढं ठावं. रातच्याला हितं मुक्कामाला येऊन आक्काकडनं शेक घ्यायची. मी पाया पडलो तिच्या, खेळू नगंस म्हनून. ऐकंना! म्हनली, माझं ह्येच साल हाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग मी म्हनलं, आपन मानसाला आडवू शकत न्हाय, मैदानाला आडवू."

"पण आबा," मॅडमना राहवेना, "तिचाच सामना बुडाला ना! तिची संधी गेली!"

"गेली कशी?" आबांनी खरोखरच नवलानं वर बघितलं. "म्या काय जाऊ दिली व्हय? पान्याची पाळी कुना कारनानं हुकली तर फुडच्या आवर्तनाला मिळतीच की त्याला. आदी त्यालाच मिळती. मला वाटलं, रान वाळंल, म्हैना-दीड म्हैन्यानं मॅच घेतील, तंवर पाय बरा हुईल. हुकल्याली मॅच परत येतच न्हाय, ह्यो कुठला कायदा? मला काय ठावं त्ये बुधवार आन् पुणं आन् सरासरी!"

वकील त्यांच्या शेजारी बांधावर टेकले. कोर्टात इतकी वर्षं गेली, पण असा कबुलीजबाब त्यांनी ऐकला नव्हता. या माणसानं न्यायाची अपेक्षा केली होती, आणि तीही चुकीची नव्हती. फक्त ती चारीवरची होती, मैदानावरची नव्हती.

"तेजश्रीला कळलं?"

"मॅचच्या आदल्या दिशी मी तिला बोलून गेलो, उद्या तुझी मॅच हुनार न्हाय म्हनून. सकाळी पानी बघून वळाखलं तिनं. तवापास्नं बोलत न्हाय माझ्यासंगं, आक्काकडनं शेक तेवढा घेती."

"म्हणून ती माळेगावला देऊन टाका म्हणाली," मॅडम पुटपुटल्या.

वकील उठले. "उद्या दुपारी शाळेत सगळ्यांना बोलावतो. आबा, मी सांगू का तुम्ही सांगता?"

"मीच सांगतो," आबा म्हणाले. "पर पोरींच्या तोंडचा घास काढू नगासा, वकीलसाहेब. केलं म्या हाय."

"तेच ठरवायचंय आता," वकील म्हणाले. रात्रभर त्यांना झोप लागणार नव्हती, हे त्यांना तिथंच कळलं. चोर सापडला होता, पण पहिलं कोण, हे अजून ठरलं नव्हतं.

७

बुधवारी दुपारी निमगावच्या शाळेत तिन्ही गावांचे लोक जमले. आबांनी उभं राहून सगळं सांगितलं, टोपी हातात धरून, कुठंही न अडखळता. सांगून झाल्यावर दीपक पहिल्यांदा भडकला, मग आबांकडं बघून खाली बसला. हिंदुराव मात्र ताडकन उठले.

"मंग झालं की! कन्हेरीवाल्यांच्याच आजानं पानी सोडलं. कन्हेरी बाद! आमचं नाव कळवा!"

"बसा हिंदुराव," वकील म्हणाले. "पाणी आजोबांनी सोडलं. मुलींनी नाही. शिक्षा ज्यानं केलं त्याला. आबा पुढच्या हंगामाच्या आत स्वतःच्या बैलांनी हे मैदान सपाट करून देतील, दीपकच्या देखरेखीखाली. चालेल आबा?"

"चालंल."

"आता मुलींचं. या पाण्याचा कन्हेरीला फायदा होता कामा नये आणि तोटाही होता कामा नये. सरासरी धरली तर फायदा होतो, कारण अवघड सामने न खेळताच त्या वर जातात. म्हणून सरासरी बाद. नुसते गुण धरले तर तोटा होतो, कारण त्यांना दोन सामने मिळालेच नाहीत. म्हणून तेही बाद. नुसती पहिली फेरी धरली तर दुसऱ्या फेरीतली सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. तेही बाद."

"मंग ऱ्हायलं काय?" हिंदुराव म्हणाले.

"तुम्ही सांगितलेलं राहिलं."

"म्या?"

"तळाच्या दोन गावांसाठी मी तिन्ही गावांना नियम विचारला. तिथं कुणाचाच फायदा नव्हता. तिन्ही गावांनी एकच उत्तर दिलं, आणि सगळ्यांत नीट तुम्ही दिलंत. राहिलेल्या सामन्याला त्याच दोघींचा पहिल्या फेरीतला निकाल धरायचा. त्याच्यापेक्षा खरं माप कुठून आणणार, हे शब्द तुमचे. एकाच साखळीला खाली एक कायदा आणि वर दुसरा, असं मी करणार नाही. हा नियम कुणाला अमान्य आहे का? हिशेब करायच्या आधी सांगा."

दीपकनं मान डोलावली, राजवर्धननंही. हिंदुरावांचे ओठ हलत होते. त्यांचा हिशेब आधीच चालू झाला होता.

"कन्हेरी पहिल्या फेरीत निमगावकडून हरली होती. म्हणजे त्या राहिलेल्या सामन्याचे कन्हेरीला शून्य आणि निमगावला तीन गुण. माळेगावला कन्हेरीनं हरवलं होतं, माळेगावच्याच मैदानावर. त्याचे कन्हेरीला तीन. कन्हेरी चोवीस, माळेगाव बावीस, निमगाव वीस."

कन्हेरीच्या पोरींनी जो गलका केला, त्यानं शाळेचे पत्रे वाजले. रेश्मा तर बाकावर चढली.

हिंदुराव डोकं खाजवत उभे होते. "माझ्याच तोंडाला कुलूप घालाय पायजे हुतं," ते म्हणाले. मग वकिलांकडं बघून, "पर बोललो त्ये खोटं न्हाय बोललो."

"म्हणूनच धरलं."

राजेश्वरी मॅडमनी फोन काढला. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. पुण्याचं कार्यालय बंद व्हायच्या आत नाव पोचायला हवं होतं. "हो, कन्हेरीचा संघ. हो, लवादाचा निकाल झालाय. कर्णधाराचं नाव? एक मिनिट."

त्यांनी तेजश्रीकडं बघितलं. सगळेच बघायला लागले. ती अजून भिंतीला टेकून उभी होती. वकिलांना बोलता आलं असतं. पोरी, पाय सांभाळ, असं म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी जीभ आवरली. इतके दिवस सगळ्यांनी तिच्या नावानं ठरवलं होतं. आजोबांनी ठरवलं, आजीनं झाकलं, प्रशिक्षकानं हिशेब केला. आता हे एक तिचं तिनंच ठरवायला पाहिजे होतं, आणि जे ठरवेल ते मान्य करायचं, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं.

आबा मान खाली घालून टोपीची कड चुरत होते.

तेजश्री भिंत सोडून पुढं आली. या वेळी तिनं लंगडणं लपवलं नाही. सगळ्या वर्गानं ते बघितलं आणि कन्हेरीच्या पोरींचा आवाज एकदम बसला. राजवर्धननं "तेजू, हे कवापासनं?" म्हणून विचारलं, पण ती त्याच्यासमोरून तशीच पुढं गेली आणि आजोबांसमोर थांबली.

"आबा, सोमवारी डॉक्टरकडं तुमी न्यायचं मला. एसटीनं न्हाय, रिक्षा करून. आन् तिथं मी जे इचारीन ते इचारू द्यायचं. मधी बोलायचं न्हाय."

"न्हाय बोलत," आबा म्हणाले.

"आन् पाय बरा झाला की मी मोठ्या बायकांच्यात खेळनार हाय. तवा एका बी मैदानावर पानी सोडायचं न्हाय."

कुणीतरी हसलं. आबांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

मग तिनं राजेश्वरी मॅडमच्या हातातून फोन घेतला आणि बाकावर उभ्या असलेल्या रेश्माकडं बघितलं. रेश्मा मान हलवून नाही नाही म्हणत होती. तेजश्रीनं तिच्याकडं पाठ केली.

"कर्णधार रेश्मा शेळके," ती फोनमध्ये म्हणाली. पलीकडच्यानं काहीतरी विचारलं. "न्हाय, माझं नाव यादीत नगं. रेश्मा. शेळके. नीट लिवा."